जुनाट कंबरदुखी: इतक्या उपायांतून निवडायचं कसं?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘एल ४-एल ५ डिफ्यूज डिस्क बल्ज’, म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती फुगलेली, असं छापलेलं दिसलं की घरात सगळ्यांचे चेहरे पडतात. एक जण म्हणतो ऑपरेशन करून टाका, दुसरा म्हणतो काही झालं तरी मणक्याला सुरी लावू देऊ नका. मावशी कुठल्याशा मालिशवाल्याचा नंबर पाठवते. ऑफिसातल्या कुणाला तरी पट्ट्याने गुण आलेला असतो, शेजारच्या काकांना कटिबस्तीने, म्हणजे कंबरेवर कोमट तेल धरून ठेवण्याच्या आयुर्वेदिक उपचाराने. आणि ज्याची कंबर दुखते तो बिचारा खाली पडलेला पेन उचलायलाही घाबरत असतो.

उपाय सांगणारे ढीगभर भेटतात, ते तोलायचे कसे हे मात्र कुणी सांगत नाही. खरं तर कुठल्याही उपायाला चार प्रश्न विचारता येतात. काहीच केलं नसतं तर काय झालं असतं? या उपायाने फरक नेमका किती पडतो? त्याची किंमत काय, म्हणजे पैसा, वेळ आणि दुष्परिणाम सगळं धरून? आणि नाही पटलं तर मागे फिरता येतं का? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गोळी बंद करता येते, क्लास सोडता येतो. मणक्यांत बसवलेले स्क्रू आणि सळ्या काढून पूर्वीची कंबर परत मिळत नाही.

इथे बोलतोय ते जुनाट कंबरदुखीबद्दल, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या. काल बादली उचलताना भरलेली उसण हा वेगळा विषय. ती बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप ओसरते.

तोलायला बसण्याआधी एक खात्री करून घ्यावी लागते. कंबर दुखणाऱ्या शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांत ‘हाच तो बिघाड’ असं बोट ठेवून दाखवता येत नाही. उरलेल्यांना मात्र नाव असलेला आजार असतो आणि तो नजरेतून सुटला तर महागात पडतं. लघवी अडकणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, बसण्याच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, यांतलं काहीही झालं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलात जायचं. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुपका असतो, तो दाबला गेला असेल तर तासांचा हिशेब असतो.

बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं आणि आडवं पडूनही न थांबणारं दुखणं असेल तर आपल्याकडे आधी टीबीची शंका घ्यावी. टीबी म्हणजे खोकला, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण तो मणक्यातही होतो, आणि जगात टीबीचे सर्वांत जास्त रुग्ण भारतात आहेत. परदेशी वेबसाइटांवर हा मुद्दा यादीत कुठे तरी तळाशी असतो, आपण तो वर आणायचा. वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो, आणि ती औषधं सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. पूर्वी कॅन्सर होऊन गेला असेल, बरेच दिवस स्टिरॉइड घेतलं असेल किंवा साठीनंतर साधं घसरून पडल्यावर दुखायला लागलं असेल, तरीही तपासणी आधी.

आणखी एक प्रकार तरुणांचा. वय तिशीच्या आसपास, पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली, आणि गंमत म्हणजे झोपून दुखणं वाढतं, हालचाल केली की कमी होतं. हा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असू शकतो, म्हणजे सांध्यांच्या सुजेचा आजार. याला संधिवाताचा तज्ज्ञ लागतो आणि चांगली औषधं आहेत. ‘गादी सरकली’ म्हणून वर्षानुवर्षं पट्टा बांधून फिरणारी अशी मुलं असतात, आणि त्या वर्षांचं नुकसान भरून निघत नाही.

हे काही नाही अशी खात्री झाली की मग तो रिपोर्ट हातात घ्यायचा.

मणक्यांमधल्या चकतीवर आपला इतका रोख का, याला इतिहास आहे. १९३४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं, की चकतीचा भाग बाहेर येऊन नस दाबू शकतो आणि त्याने पायात कळ जाते. शोध खरा होता, मोठाही होता. पण पुढे कित्येक दशकं पायात काही नसलेल्या नुसत्या कंबरदुखीचं खापरही त्याच चकतीवर फुटत राहिलं. एमआरआय आल्यावर काही संशोधकांना एक साधी गोष्ट सुचली: ज्यांची कंबर दुखतच नाही अशांचे स्कॅन काढून पाहू. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा अभ्यासात ९८ जण होते आणि त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या किमान एका चकतीला फुगवटा सापडला. पुढे २०१५ मध्ये अशा ३३ अभ्यासांतल्या ३,११० लोकांची गोळाबेरीज झाली. कंबर न दुखणाऱ्या विशीतल्या मंडळींपैकी ३७ टक्क्यांच्या चकतीत झीज होती, ऐंशीच्या वयात ९६ टक्क्यांच्या.

म्हणजे रिपोर्ट खोटा असतो असं नाही. फुगवटा आहेच, पण दुखणं सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून तो तिथे असू शकतो. त्याला दोषी ठरवायचं तर लक्षणं जुळायला हवीत. एल ४-एल ५ च्या चकतीने सहसा एल ५ ची नस दाबली जाते. मग मुंग्या पोटरीच्या बाहेरून पावलाच्या वरच्या बाजूने अंगठ्याकडे जातात आणि अंगठा वर उचलायला ताकद कमी पडते. डॉक्टर अंगठा दाबून ‘वर ढकला’ म्हणतात ते यासाठीच. पायात काहीच नाही, अंगठा ठणठणीत, दुखते ती फक्त कंबर. अशा वेळी त्या ओळीचं वजन फार कमी. चकतीचा तुकडा खरोखर बाहेर आला असेल तरी शरीर तो पुष्कळदा हळूहळू शोषून घेतं. तुकडा जितका मोठा आणि सुटा, तितकी तो विरघळण्याची शक्यता जास्त. रिपोर्टमधला सर्वांत भीतीदायक शब्दच, ‘सिक्वेस्टर्ड’ म्हणजे सुटलेला तुकडा, पुष्कळदा सर्वांत चांगली बातमी असतो.

आता पहिला प्रश्न घेऊ, काहीच केलं नसतं तर. जुनाट कंबरदुखी एका पातळीवर राहत नाही. समजा दहापैकी सरासरी पाचवर असते. कधी तीन, कधी आठ. माणूस डॉक्टरकडे, वैद्याकडे किंवा मालिशवाल्याकडे कधी जातो? आठवर असताना. तीनवर असताना कोण रजा टाकून जाईल? त्यानंतर दहा-पंधरा दिवसांत दुखणं पाचवर येतं, कारण ते येणारच होतं, आणि श्रेय त्या दिवशी जो हाताशी होता त्याला मिळतं. म्हणून काकांना कटिबस्तीने, ऑफिसातल्याला पट्ट्याने आणि मावशीला मालिशने गुण येतो, आणि तिघंही खरं बोलत असतात.

यात आणखी एक भर पडते: कुणीतरी वेळ दिला, हात लावला, विश्वासाने सांगितलं, याचाही परिणाम होतो. जर्मनीत ॲक्युपंक्चरची मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये तिचे निष्कर्ष आले. ११६२ पेशंट तीन गटांत वाटले होते. शास्त्रानुसार सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फायदा झाला. भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना. गोळ्या, व्यायाम असे नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी फक्त २७.४ टक्क्यांना. ॲक्युपंक्चरचे समर्थक आणि विरोधक दोघंही हा अभ्यास आपल्या बाजूने मांडतात. मला त्यात एवढंच दिसतं, की सुई कुठे टोचली याला फारसं महत्त्व नव्हतं, आणि तरी बरं वाटणं खोटं नव्हतं. एखाद्या उपायाने बरं वाटलं म्हणजे त्यामागे सांगितलेलं कारण खरं ठरत नाही, इतकं लक्षात ठेवलं तरी बराच पैसा वाचतो.

जुनाट दुखण्यात मज्जासंस्थाही बदललेली असते. चोरावर भुंकायला शिकवलेलं कुत्रं हळूहळू दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर, वाऱ्याने हललेल्या पडद्यावरही भुंकायला लागावं, तसं होतं. दुखापत कधीच भरून आलेली असते, पण साध्या वाकण्यालाही शरीर धोका समजतं. भुंकणं खरं, चोर नसतो. म्हणूनच ‘मणका झिजलाय, वाकू नका, वजन उचलू नका, जपा’ हा सल्ला काळजीपोटी दिलेला असला तरी कधी कधी दुखण्याला खतपाणी घालतो.

गोळ्यांकडे वळू. नेहमीची चिठ्ठी डोळ्यांसमोर आणा: ॲसेक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल-सेराशिओपेप्टिडेजची एकत्रित गोळी दोन वेळा, थायोकोल्चिकोसाइड, रात्री प्रीगॅबालिन-मिथाइलकोबालामिन, सकाळी उपाशीपोटी पँटोप्राझोल, वर चोळायला जेल. यांतल्या प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

ॲसेक्लोफेनॅक ही सूज कमी करणारी वेदनाशामक. जुनाट कंबरदुखीत या जातीच्या गोळ्यांनी, शंभर गुणांच्या मोजपट्टीवर, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सुमारे सात गुणांनी दुखणं कमी होतं, असं २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्र छाननीत, दिसलं. सात. माणसाला ‘हं, फरक पडला’ असं जाणवायला साधारण दहा-पंधरा गुण लागतात. म्हणजे गोळी निरुपयोगी नाही. वाईट आठवड्यात, थोडे दिवस, जेवणानंतर घ्यायला ठीक. पण सहा-सहा महिने रोज घ्यावी एवढं तिचं कर्तृत्व नाही. पोटात अल्सर, बीपी वाढणं आणि मूत्रपिंडावर ताण ही तिची किंमत. मधुमेह असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, वय जास्त असेल तर ही किंमत आणखी चढते, आणि दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांचा हिशेब कुणीच ठेवत नाही. थायोकोल्चिकोसाइड स्नायू सैल करायचं. युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच सांगितलं, की तोंडाने घ्यायची तर सलग सात दिवसांपेक्षा जास्त नको. आपल्याकडे महिनाभर लिहिलेली चिठ्ठी सहज सापडेल. प्रीगॅबालिन नसांच्या दुखण्यावर म्हणून देतात. पण सायटिकावर, म्हणजे नस दबून पायात जाणाऱ्या कळेवर, ऑस्ट्रेलियात २०९ पेशंटांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले: खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही, चक्कर मात्र जास्त आली. मिथाइलकोबालामिन हे बी १२ जीवनसत्त्व. कमतरता असेल तर ते घ्यायलाच हवं, आणि शाकाहारी घरांत ती खूप असते. पायांच्या मुंग्या कंबरेमुळे नसून तिच्यामुळेही असू शकतात. रक्त तपासा, मग घ्या.

अफूच्या कुळातल्या गोळ्यांबद्दल एवढंच: २०१८ मध्ये अमेरिकेत २४० जणांना वर्षभर पाहिलं, कंबर आणि गुडघे-खुब्याच्या जुनाट दुखण्यात त्या साध्या औषधांपेक्षा सरस ठरल्या नाहीत, त्रास मात्र जास्त झाला.

व्यायामाचं काय? २०२१ च्या कॉक्रेन आढाव्यात २४९ चाचण्या एकत्र केल्या होत्या. काहीच न करण्याच्या किंवा नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत शंभरांत सुमारे १५ गुणांचा फरक. गोळीच्या सातशी याची थेट तुलना करणं न्यायाचं नाही, कारण खोटी गोळी देता येते, खोटा व्यायाम देता येत नाही, आणि अपेक्षेचा वाटा त्या पंधरात मिसळलेला आहे. पण किंमत पाहा. दुष्परिणाम म्हणजे दोन दिवस अंग दुखणं, आणि बीपी, शुगर, झोप, मूड यांचा फायदा वरून मिळतो. थांबवायचा तर आज थांबवता येतो.

कुठला व्यायाम, यावर क्लासवाले भांडतात. पुराव्यात मात्र फार मोठा फरक दिसत नाही. २०१७ मध्ये बोस्टनमधल्या ३२० जणांवरच्या अभ्यासात योग फिजिओथेरपीच्या तोडीचा ठरला. चालण्याबद्दल तर फार छान पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात नुकतंच दुखणं ओसरलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं. त्यांच्यातल्या निम्म्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांत ११२. हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. चालायला बूट सोडून काही लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याची जाहिरात कुणी करत नाही.

माझं मत विचाराल तर जो व्यायाम तुम्ही पुढच्या दिवाळीतही करत असाल तो निवडा. फक्त सुरुवात लाज वाटेल इतकी कमी ठेवा. दहा मिनिटं चालून दुखत असेल तर सात मिनिटं चाला, पण रोज. मग आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा. व्यायाम करताना दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत जागेवर आलं तर चालेल. दोन दिवस रेंगाळलं तर मात्रा जास्त झाली, एक पायरी खाली या. बरं वाटतंय म्हणून रविवारी सगळं कपाट आवरायचं आणि सोमवार ते बुधवार आडवं पडायचं, हा आपल्याकडचा सर्वांत लोकप्रिय कार्यक्रम. तेवढा टाळा.

पडून राहण्याचा हिशेब १९९५ मध्येच झाला आहे. हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरच्या अभ्यासात, अचानक कंबर धरल्यावर दोन दिवस अंथरुणात राहिलेल्यांपेक्षा झेपेल तसं रोजचं काम चालू ठेवलेले लवकर सुधारले. आणि ‘गादी काढा, फळीवर झोपा’ म्हणणाऱ्या आजोबांसाठी: स्पेनमध्ये ३१३ जणांना घट्ट किंवा मध्यम घट्ट गादी दिली होती, मध्यमवाल्यांची कंबर जास्त सुधारली. फळीची गरज नाही, आणि चाळीस हजारांच्या ‘ऑर्थोपेडिक’ गादीचीही नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर शस्त्रक्रियेविना करायच्या उपचारांची मार्गदर्शिका काढली. समजावून सांगणं, व्यायाम, काही प्रकारचं मालिश आणि मणक्यांची हाताने हालचाल, विचार-वर्तनावर काम करणारी मानसोपचार पद्धत आणि वेदनाशामक सूजविरोधी गोळ्या यांना तिने अनुकूलता दाखवली. नेहमी वापरू नका म्हणून जे सांगितलं त्यात कंबरेचा पट्टा, वजन लावणं, अल्ट्रासाउंडचा शेक आणि विजेचे सौम्य झटके देणारं टेन्सचं मशीन आहे. आता आपल्या गल्लीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जा. पंधरा दिवसांचं पॅकेज असतं, त्यात नेमकं हेच असतं: दहा मिनिटं वजन, दहा मिनिटं मशीन, पाच मिनिटं अल्ट्रासाउंड, आणि जाताना व्यायामाचा झेरॉक्स कागद. जे सर्वांत कामाचं ते झेरॉक्सवर. यात फिजिओथेरपिस्टचाच दोष आहे असं मी म्हणणार नाही. मशीन नसलेल्या दवाखान्यात पेशंट पुन्हा येत नाही. पण तुम्ही जाल तेव्हा सरळ सांगा, की मशीनचा वेळ मला व्यायाम शिकवायला द्या. चांगला थेरपिस्ट खूश होतो. शेक घरी गरम पाण्याच्या पिशवीने घेता येतो, बरं वाटतं, त्याहून जास्त अपेक्षा ठेवू नका. एसटीच्या लांब प्रवासात किंवा जड कामाच्या दोन तासांत पट्टा बांधायलाही हरकत नाही; दिवसभर बांधून ठेवला की आधार कंबरेला नाही, भीतीला मिळतो.

मानसोपचार म्हटलं की पेशंट दुखावतो: ‘म्हणजे माझं दुखणं मनाचं?’ तसं कुणी म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात ४९२ जणांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत फिजिओथेरपिस्टनी पेशंटना त्यांच्या भीतीच्या हालचाली समोर करून दाखवायला लावल्या, वाकताना श्वास धरून ठेवणं, दात आवळणं सोडायला शिकवलं, झोप आणि कामाचं वेळापत्रक नीट केलं. साधारण सात भेटींत हे झालं आणि फायदा वर्षभर टिकला. असं काम करणारे आपल्याकडे मोठ्या शहरांतही मोजके, तालुक्याच्या गावी जवळपास नाहीतच. पण त्यातला एक भाग घरी करता येतो: ज्या हालचालीची धास्ती आहे तिची यादी करा, आणि सर्वांत सोपी रोज थोडी थोडी, श्वास न धरता करा.

इंजेक्शनं. मणक्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन पायातली ताजी, जोरदार कळ काही आठवडे कमी करू शकतं. जुनाट कंबरदुखीत हिशेब जमत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटाने, कॅन्सर किंवा सुजेच्या संधिवातामुळे नसलेल्या जुनाट पाठदुखीत ही इंजेक्शनं आणि नस जाळण्याची प्रक्रिया या दोन्हींच्या विरोधात ठाम शिफारस केली. वेदनातज्ज्ञांच्या काही संघटनांना ती पटली नाही, निवडक पेशंटना फायदा होतो असं त्यांचं म्हणणं. वाद चालू आहे. पण तुम्हाला कुणी हजारो रुपयांचं इंजेक्शन सुचवलं तर विचारा: मी त्या निवडक पेशंटांत बसतो असं तुम्हाला कशावरून वाटतं? उत्तर तुमच्या लक्षणांवरून आलं तर ऐका. फक्त रिपोर्टवरून आलं तर थांबा.

ऑपरेशनबद्दल दोन टोकांची मतं असतात, आणि दोन्ही चूक, कारण ‘मणक्याचं ऑपरेशन’ ही एक गोष्ट नाहीच. पायात कळ नेणारी, दबलेली नस मोकळी करणं हे त्यांतलं सर्वांत भरवशाचं. तिथेही नेदरलँड्समधली २००७ ची चाचणी पाहण्यासारखी आहे: २८३ जण, दीड ते तीन महिने सायटिकाने बेजार. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, उरलेल्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झालेले, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मध्येच ऑपरेशन करून घेतलेलं. म्हणजे इथे प्रश्न बहुतेकांसाठी वेळेचा आहे. ज्याचं पोट हातावर आहे, उसाचा हंगाम तोंडावर आहे, त्याच्यासाठी दोन महिने लवकर बरं होणं ही मोठी गोष्ट आहे. निवृत्त माणूस थांबू शकतो. दोघांचे निर्णय वेगळे येतील आणि दोन्ही बरोबर असतील.

उतारवयातला दुसरा प्रकार: चार पावलं चाललं की पाय जड होतात, कट्ट्यावर बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळं वाटतं. मणक्यातली नळी अरुंद झालेली असते, आणि चालणं फारच आखडलं असेल तर नळी मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा फायदा होतो. सोबत स्क्रू घालून मणके जोडायचे का? स्वीडनमध्ये २४७ पेशंटांवर ते तपासलं. २०१६ च्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांनी जोडलेल्यांना आणि न जोडलेल्यांना सारखाच आराम होता, जोडलेल्यांचं ऑपरेशन मात्र लांबलं आणि खर्च वाढला. घसरलेला किंवा डळमळणारा मणका असेल तर सर्जनचं म्हणणं वेगळं असू शकतं, ते ऐकून घ्या. पण पायात काही नाही, नुसती कंबर दुखते म्हणून मणके जोडायचे असतील तर ब्रिटनमधली ३४९ जणांची २००५ ची चाचणी आठवा: नेटाने केलेल्या व्यायाम-पुनर्वसनापेक्षा ऑपरेशन ठळकपणे सरस ठरलं नाही. इथे दुसरं मत घ्यायलाच हवं, आणि ते अशा डॉक्टरचं, ज्याला ऑपरेशन करायचं नाही.

आता हे सगळं एका माणसावर लावून पाहू. समजा, नाशिकच्या एक शिक्षिका आहेत, वय ५२. कंबर आठ महिने दुखते, पायात काही नाही, धोक्याचं लक्षण नाही. मधुमेह आहे, बीपीची गोळी चालू आहे. समोर पर्याय: महिनाभराच्या गोळ्या, पंधरा दिवसांचं वजन-मशीनचं पॅकेज, कटिबस्ती, इंजेक्शन आणि व्यायाम. गोळ्यांचा फायदा सात गुणांचा आणि यांच्यासाठी मूत्रपिंडाची जोखीम नेहमीपेक्षा जास्त. म्हणून रोज नको, अडीनडीला, आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून. इंजेक्शनच्या स्टिरॉइडने शुगर चढेल, शिवाय पायात कळ नाही, बाद. पॅकेजचे पैसे जातील, शाळेतून रजा जाईल, फायदा जाणवण्याइतका नाही. कटिबस्तीच्या उबेने आणि निवांतपणाने बरं वाटेल, नुकसान सहसा नाही, पुरावा तोकडा. आवड असेल आणि खर्च झेपत असेल तर व्यायामाच्या जोडीला घ्यावी, बदल्यात नव्हे. उरला व्यायाम आणि चालणं, त्याने शुगरही सुधारेल. दुखणं किती हे रोज मोजत बसण्यापेक्षा बाईंनी एक काम ठरवावं, म्हणजे पेपर तपासायला सलग पाऊण तास बसता येणं, आणि दर आठवड्याला तेवढंच पाहावं. सहा ते आठ आठवड्यांत त्यात काहीच हललं नाही तर उपाय बदलायचा. तोच आणखी जोरात करायचा नाही.

घरातली कामं कोण करतं हेही या हिशेबात येतं. दिवसाचे पाच तास ओट्याशी उभं राहून, वर पाण्याचे हंडे भरून ‘व्यायामाला वेळ काढा’ म्हणणं सोपं आहे. अशा घरात पहिला उपचार म्हणजे हंडा दुसऱ्याने उचलणं.

आणि कंबर पुन्हा धरेल, हे धरून चाला. जुनाट दुखण्यात ते होतंच. तेव्हासाठी आधीच ठरवून ठेवा. पहिले दोन दिवस चालणं निम्म्यावर, पण बंद नाही. गोळी तुम्हाला चालणारी असेल तर ती जेवणानंतर, रात्री गरम पिशवी, गुडघ्यांखाली उशी घेऊन झोप. तिसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन-दोन मिनिटं वाढवत न्यायची. नवा एमआरआय तेव्हाच, जेव्हा पायात नव्याने ताकद कमी झाली असेल किंवा सुरुवातीला सांगितलेल्या लक्षणांपैकी काही दिसत असेल. जुना रिपोर्ट फाइलमध्ये राहू द्या, तो व्हॉट्सॲपवर कुणाला पाठवू नका.